सोसायटीचा ग्रुप गळ्यात पडलाच असेल, तर

सेक्रेटरीपद घेतलं की रजिस्टर, शिक्का, पंपरूमची किल्ली हे सगळं यादी करून, सही घेऊन ताब्यात देतात. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप मात्र असाच येतो. आदले सेक्रेटरी फोन करून "वहिनी, तुम्हाला अ‍ॅडमिन केलंय हं" म्हणतात आणि त्याच संध्याकाळी ग्रुप म्यूट करून मोकळे होतात. आमची सोसायटी डोंबिवली पूर्वेची. दोन विंग, पाच मजले, 40 घरं, आणि ब विंगची लिफ्ट बहुतेक वेळा "मेकॅनिक निघालाय" या अवस्थेत. मी नोकरी करून हे सांभाळते. सकाळच्या लोकलमध्ये चौथी सीट मिळाली तर सोसायटीचं काम तिथेच उरकतं, नाहीतर रात्री ओटा आवरल्यावर. तेव्हा खाली जे सांगतेय ते अशाच माणसासाठी आहे, ज्याला वेळ कमी, पगार शून्य आणि बोलणी रोजची.

पहिली गोष्ट म्हणजे ग्रुपवर भांडणं होऊ नयेत म्हणून जीव टाकू नका. 40 घरं आहेत, होणारच. आपलं काम त्याहून साधं आहे. उद्या पाणी येणार नाही हा निरोप पाचव्या मजल्यावरच्या घरात आज रात्री झोपायच्या आत पोचला पाहिजे. तो पोचत असेल तर ग्रुप चांगला चाललाय. बाकी सगळं त्यापुढे दुय्यम, आणि मी सगळे निर्णय याच मापाने घेते.

दोन ग्रुप करा, आणि नवा कोणता ते नीट ठरवा

एकच ग्रुप असला की काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. रात्री साडेनऊला सेक्रेटरी पाण्याचं टाकते. त्यावर अकरा जण हात जोडतात. मग ब-203 ला कढीपत्ता हवा असतो, अ-401 कडे तो असतो, मग धन्यवाद, मग अ-401 च्या नातवाचा वाढदिवस, मग केक, मग पुष्पगुच्छ. दहा वाजता ज्याने फोन उघडला त्याला सगळ्यात खाली केक दिसतो. तो शुभेच्छा देतो आणि झोपतो. सकाळी नळाला पाणी नाही म्हणून तोच माणूस तुम्हाला फोन करतो, तेही आंघोळीच्या वेळी.

म्हणून एक ग्रुप फक्त सूचनांचा, त्यात अ‍ॅडमिनशिवाय कुणाला लिहिता येणार नाही. दुसरा बोलायचा. आता खुबी अशी की नवा ग्रुप सूचनांचा काढायचा आणि जुना तसाच बोलायला सोडायचा, फक्त त्याचं नाव बदलायचं. आम्ही 'कट्टा' ठेवलं. लोकांना त्यांच्या सवयीच्या जागेवरून उठवून "इथे आता बोलू नका, तिकडे जा" म्हटलं तर कुणी जात नाही. नव्या जागेवर गप्प बसायला सांगितलं तर बसतात.

सूचनांच्या ग्रुपचं नाव उघडून ग्रुप परमिशन्समध्ये जा. तिथे नवे मेसेज पाठवायचं, ग्रुपची माहिती बदलायचं आणि माणसं जोडायचं, ही तिन्ही बटणं सभासदांसाठी बंद करा. फोनगणिक आणि आवृत्तीगणिक नावं थोडी इकडेतिकडे होतात, पण मजकूर वाचला की कळतं. ही फक्त अ‍ॅडमिनने लिहिण्याची सोय 2018 पासून आहे. तरी कितीतरी सोसायट्यांत अजून "कृपया या ग्रुपवर फक्त कामाचं बोला" अशी विनवणी दर आठवड्याला चालते. बटण असताना विनवणी कशाला?

अ‍ॅडमिन तीन पुरेत. सेक्रेटरी, खजिनदार, आणि दिवसा घरी असणारं कुणीतरी एक. हा तिसरा माणूस सगळ्यात महत्त्वाचा. पाण्याची लाइन फुटते ती दुपारी दोनला, आणि तेव्हा मी ऑफिसात मीटिंगला असते. चेअरमन साहेबांनाही अ‍ॅडमिन करावं लागतं, ते मानाचं पान आहे.

मोठं संकुल असेल, पाच-सहा इमारती, तर 2022 मध्ये आलेली कम्युनिटीची सोय बघा. एक छत्री, तिच्याखाली इमारतीगणिक ग्रुप, आणि वरती सगळ्यांसाठी एक सूचनाफलक. त्या सूचनाफलकावर सभासदांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, अ‍ॅडमिनला दिसतात. एकट्या राहणाऱ्या मुली भाड्याने असतात तिथे मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. नाहीतर साध्या ग्रुपात जोडल्या दिवसापासून 40 घरांतल्या कुणाकडेही त्यांचा नंबर आणि फोटो. आमच्यासारख्या दोन विंगना मात्र ती छत्री जड होते. वयस्कर मंडळींना आधीच दोन ग्रुप म्हणजे एक जास्त वाटतो.

कुणाला जोडायचं

नियमाने मालक सभासद असतो, म्हणून ग्रुपात मालकाचा नंबर. पण टाकीची सूचना मालकाला कशाला? तो बदलापूरला राहायला गेला, नाहीतर न्यू जर्सीला मुलाकडे. नळ भाडेकरूच्या घरात आहे. सूचनांच्या ग्रुपात भाडेकरू हवाच. मालकालाही ठेवा, कारण वर्गणी त्याने भरायची आहे.

घरटी किमान दोन नंबर घ्या. इथे एक जुनी खोड आहे, घरातल्या कर्त्या पुरुषाचा नंबर घ्यायची. तो बिचारा सीएसएमटीला ऑफिसात बसून "आज दुपारी 3 ते 5 पाणी" वाचतो आणि घरी सांगायला विसरतो. घरात पाणी भरतं कोण, दार उघडतं कोण, तो नंबर मागा. आम्ही हे केलं तेव्हा "मला कळलंच नाही" या तक्रारी एकदम कमी झाल्या.

फोनमध्ये नाव सेव्ह करताना आधी फ्लॅट नंबर, मग आडनाव. भाडेकरू असेल तर पुढे करार कधी संपतो तो महिना लिहून ठेवा, "ब 302 … भाडे, ऑगस्टपर्यंत" असा. 11 महिन्यांनी माणूस सामान घेऊन जातो, ग्रुपात तसाच राहतो, आणि दोन वर्षांनी कधीतरी कल्याणहून "माझ्या घरी पाणी आहे" असं लिहितो.

सूचना कशी लिहायची

इथे थोडं सविस्तर सांगते, कारण निम्मी डोकेदुखी इथेच तयार होते. ही एक नेहमीची सूचना बघा.

"सर्व सन्माननीय सभासदांना कळविण्यात येते की उद्या काही तांत्रिक कारणास्तव पाणीपुरवठा खंडित राहणार असून सभासदांनी सहकार्य करावे ही नम्र विनंती."

हे वाचून कुणाला काय कळलं? उद्या म्हणजे कधी? ज्याने रात्री बारानंतर वाचलं त्याचा उद्या वेगळा. दिवसभर की सकाळपुरतं? आणि सहकार्य म्हणजे नक्की काय करायचं, बादल्या भरायच्या की नाही? मग कट्ट्यावर प्रश्न सुरू होतात, पाच जण पाच उत्तरं देतात, त्यातली तीन अंदाजाने. आता हीच अशी लिहा:

"पाणी – गुरुवार 15 मे
सकाळी 9 ते रात्री 9 वरून पाणी येणार नाही. लाइनचं काम आहे.
आपल्या टाकीतलं पाणी गुरुवारी सकाळी 6 ते 8 सोडू.
पिण्याचं बुधवारी रात्रीच भरून ठेवा.
टँकर मागवलेला नाही. मागवला तर इथेच कळवू.
चौकशी वॉचमन केबिनला, इंटरकॉम 9."

पहिल्या ओळीत विषय, वार, तारीख, कारण फोनच्या पडद्यावर वरून तेवढंच दिसतं. वार आणि तारीख दोन्ही लिहायचं, म्हणजे तुमची चूक झाली असेल तर कुणीतरी पकडतं. टँकरची ओळ मुद्दाम, कारण पहिला प्रश्न नेहमी तोच येतो. 'सन्माननीय' कापून टाका. मान द्यायचा तो जिन्यात भेटल्यावर द्या.

लेटरहेडवर टाइप करून, शिक्का मारून त्याचा फोटो टाकायची पद्धत बंद करा. फोटो मोठा करून वाचताना ज्येष्ठांचे हाल होतात, आणि दोन महिन्यांनी "पेंटिंगची सूचना कधी आली होती" म्हणून शोधायला गेलात तर फोटोतलं अक्षर सापडत नाही. साधा मजकूर शोधता येतो. ज्यांना डोळ्यांचा त्रास आहे त्यांना फोन तो वाचूनही दाखवतो.

मराठी टायपिंग येत नाही ही सबब आता चालत नाही. कीबोर्डवर मराठी भाषा जोडायची आणि माइकचं बटण दाबून बोलायचं. गुगलच्या जीबोर्ड कीबोर्डला आपलं मराठी बऱ्यापैकी कळतं. आडनावं आणि आकडे तेवढे तपासून घ्या. रोमन अक्षरांत मराठी मात्र सूचनेला नको, वाचणाऱ्याला प्रत्येक शब्दाशी कुस्ती करावी लागते. आमच्याकडे दोन तमिळ आणि एक बिहारी कुटुंब आहे, म्हणून मराठी सूचनेखाली दोन ओळी हिंदीत असतात. त्यात फक्त तारीख, वेळ आणि काय करायचं एवढंच.

पाठवलेला मेसेज 15 मिनिटांपर्यंत दुरुस्त करता येतो. शुद्धलेखनासाठी ती सोय वापरा. वेळ किंवा तारीख बदलली तर वापरू नका. ज्याने आधी वाचलंय तो परत बघत नाही, आणि "एडिटेड" हा बारीक शब्द कुणाच्या नजरेत येत नाही. सरळ नवा मेसेज, पहिला शब्द "बदल".

पोचलं की नाही ते बघायला मेसेजवर बोट दाबून धरा आणि माहिती उघडा. कुणी वाचलं, कुणाकडे नुसतं पोचलं, दोन्ही याद्या दिसतात. काही जण निळ्या टिका बंद करून निर्धास्त असतात. ग्रुपात ती सोय लागू पडत नाही, तिथे त्या दिसतातच. मी हे कुणाला तोंडावर टाकत नाही. पण रात्री दहाला ती यादी बघते आणि ज्या घरातल्या दोन्ही नंबरांनी वाचलेलं नाही तिथे वॉचमनला इंटरकॉम करायला सांगते. सहसा तीन-चार घरं निघतात. अ-002 मधल्या आजींकडे साधा बटणांचा फोन आहे, त्यांच्यासाठी लिफ्टशेजारचा खडूचा फळा अजून आहे. तो काढू नका. लाइट गेली, राउटर बंद, फोन चार्ज नाही, अशा दिवशी आख्खी सोसायटी त्या फळ्यासमोरच उभी असते.

लिफ्टवाला, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, वॉचमन केबिन, जवळची रुग्णवाहिका, गॅस गळतीचा नंबर, असा एकच मेसेज करून वर पिन करा. पिन जास्तीत जास्त 30 दिवस टिकते. मेंटेनन्सची बिलं काढायच्या दिवशी तीही नव्याने लावायची, असं मी जोडून टाकलंय.

कट्ट्याचे नियम

दहा कलमी नियमावली करू नका. ती कुणी वाचत नाही आणि मोडली की आपणच पोलीस होतो. आमच्याकडे तीन आहेत.

पहिला, दुहेरी बाणाचा मेसेज कट्ट्यावर नाही. फॉरवर्ड केलेल्या मेसेजवर एक बाण असतो. मेसेज मुळापासून पाच किंवा जास्त हात फिरून आला असेल तर दोन बाण दिसतात. मला हा नियम आवडतो कारण त्यात मत द्यावं लागत नाही. मेसेज देवाचा आहे का, पक्षाचा आहे का, हळदीने कर्करोग बरा होतो म्हणतोय का, मला वाचायचंच नाही. दोन बाण दिसले, उडवला. उजवे चिडतात तसे डावेही चिडतात, म्हणजे नियम बरोबर आहे. "अहो पण चांगला मेसेज होता" म्हणणाऱ्या काकांना मी सांगते, "काका, चांगला असेल, तुमच्या शब्दांत लिहून टाका, मी नाही उडवणार." काका लिहीत नाहीत.

आणि हे नुसतं सोवळेपण नाही. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला 1 जुलै 2018 रोजी, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना मारून टाकलं. मंगळवेढ्याकडची, भिक्षा मागत फिरणारी माणसं होती ती. अशा अफवा तेव्हा फोनाफोनांतून पसरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच चॅटना मेसेज पुढे पाठवायची मर्यादा आणली. 2020 च्या एप्रिलपासून दुहेरी बाणाचा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी जातो. आमच्या कट्ट्यावरही "सावधान, आपल्या एरियात टोळी फिरतेय, चादरी विकायला येतात" हे आलंय, त्याच दोन बाणांसह. आमच्या गेटवर खरंच एक चादरवाला येतो. कधीपासूनचा ओळखीचा आहे.

दुसरा नियम, लहान मुलांचे, कामवाल्या बायकांचे आणि सीसीटीव्हीतले फोटो-व्हिडिओ टाकायचे नाहीत. "ही गाडी कुणाची" असा नंबर प्लेटचा फोटो चालतो, गाडीवाला ओळखून त्यावर शेरेबाजी चालत नाही. संशयास्पद काही दिसलं तर कमिटीला फोन. कॅमेऱ्याची क्लिप ग्रुपात पडली की तिला पाय फुटतात, आणि आपल्या गेटवरचा कुरियरवाला संध्याकाळपर्यंत चार सोसायट्यांत चोर ठरतो.

तिसरा, विक्री रविवारी. फराळ, साड्या, ट्यूशन, पॉलिसी, अलिबागचा प्लॉट, काय वाट्टेल ते, पण रविवारी. हा नियम लोकांनी उचलून धरला. ब-104 च्या वहिनींच्या पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी उलट वाढल्या, कारण आता सगळे रविवारी बघतात.

गुड मॉर्निंगला आमच्याकडे बंदी नाही, आणि यावर माझं मत पक्कं आहे. सकाळी सहाला सूर्यफुलं पाठवणारी मंडळी म्हणजे दिवसभर घरी असणारी ज्येष्ठ मंडळी. मीटररूम उघडून द्यायला, कुरियर ठेवून घ्यायला, लिफ्टच्या मेकॅनिकपाशी उभं राहायला हीच माणसं लागतात. त्यांची फुलं आपण सहन करायची. फोन भरतो अशी तक्रार असेल तर त्यावर उपाय तक्रार करणाऱ्याने आपल्या फोनमध्ये करायचा आहे. सेटिंग्जमध्ये स्टोरेज अँड डेटा, तिथे मीडिया आपोआप डाउनलोड होणं बंद करा. मग ग्रुपच्या माहितीत जाऊन मीडिया व्हिजिबिलिटी बंद करा, म्हणजे गॅलरीत मुलीच्या लग्नाच्या फोटोंमध्ये सूर्यफुलं उगवणार नाहीत. आणि त्याच स्टोरेजच्या पानावर सगळ्यात जड व्हिडिओ वर दिसतात, ते एकगठ्ठा उडवा.

भांडण लागलं की

पार्किंग, गळती, कुंड्यांचं पाणी, रात्री दहानंतर सरकवलेलं फर्निचर. विषय ठरलेले आहेत. गळतीचं उदाहरण घेऊ, कारण ते पावसाळ्यात येतंच. ब-202 छताचा फोटो टाकतात, "वरच्यांना तीनदा सांगून झालंय, काही लोकांना लाज नसते." ब-302 लिहितात, "आधी स्वतःचं प्लास्टर बघा." आता अ विंगमधले, ज्यांचा काही संबंध नाही, ते पॉपकॉर्न घेऊन बसतात.

तुम्ही ग्रुपवर एकच वाक्य लिहा: "दोन्ही घरांशी बोलून शनिवारी सकाळी 11 ला प्लंबर घेऊन पाहणी करतोय, तोवर यावर इथे बोलू नये." मग लगेच फोन. आधी ज्याचं छत गळतंय त्याला, कारण त्रास त्याला आहे. "दादा, फोटो बघितला, शनिवारी येतेय, तुम्ही घरी आहात ना?" एवढंच. लाज काढली ते बरोबर की चूक यात शिरायचं नाही. मग वरच्यांना, "वहिनी, बाथरूम अर्धा तास मोकळं ठेवा, बघून जातो." दोघांनाही कळतं की कुणीतरी येणार आहे, आणि निम्मी हवा तिथेच जाते. ग्रुपवर लिहून कुणाचंही समाधान झालेलं मी पाहिलेलं नाही, कारण तिथे माणूस समोरच्याशी बोलत नसतो, बाकीच्या 38 घरांना ऐकवत असतो.

रात्री अकरानंतर पेटलं तर कट्ट्यावरही अ‍ॅडमिनपुरतं बटण लावा आणि सांगून लावा: "सकाळी 8 ला पुन्हा उघडते. शुभरात्री." सकाळी खरंच 8 ला उघडा. नाहीतर "मुस्कटदाबी" हा शब्द येतो.

दुसऱ्याचा मेसेज अ‍ॅडमिन उडवू शकतो, पण तिथे कुणी उडवला ते नावासकट दिसतं, आणि ते बरंच आहे. स्वतःचा पाठवलेला मेसेज साधारण अडीच दिवसांपर्यंत सगळ्यांकडून काढता येतो. म्हणून रागात लिहिणाऱ्याला आधी फोन करून "काका, तुम्हीच काढा ना" म्हणावं. बहुतेक जण काढतात, आणि त्यांच्या हातून निघालं की इज्जत राहते.

"अ‍ॅडमिनला पोलीस पकडतात" ही भीती घालून अनेकांना हे पद नकोसं केलंय. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये गोंदियाच्या एका प्रकरणात स्पष्ट केलं की, सभासदाने आक्षेपार्ह काही टाकलं म्हणून, आधीपासून संगनमत नसेल तर, निव्वळ अ‍ॅडमिन आहे या कारणाने त्याच्यावर गुन्हा येत नाही. म्हणून काहीही चालू द्यावं असं मात्र नाही.

थकबाकीदारांची नावं ग्रुपवर टाकायची मागणी दर मार्चमध्ये होते. मी टाकत नाही. थकबाकीवर आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या सरकारी नमुना नियमांप्रमाणे, वर्षाला 21 टक्क्यांपर्यंत साधं व्याज लावता येतं, पत्र देता येतं, पुढे वसुलीची रीतसर कारवाई आहे. एवढी हत्यारं असताना चारचौघांत नाव घ्यायचं, आणि मग कळायचं की त्या घरात कुणाची केमो चालू आहे, हे मला जमणार नाही.

ग्रुप सोडून जाणाऱ्याचं आता गाजावाजा न होता जाणं होतं, फक्त अ‍ॅडमिनला कळतं. त्याच दिवशी "का सोडलात" विचारू नका. सूचनांच्या ग्रुपात आहे ना, मग झालं.

मतदान आणि सभा

पोल ही सोय फार उपयोगाची, तिची हद्द ओळखली तर. गणपतीत जेवण शनिवारी की रविवारी, पेंटिंगचा रंग दोनपैकी कोणता, यासाठी झकास. पर्याय 12 पर्यंत देता येतात, तुम्ही तीनच द्या. एकापेक्षा जास्त उत्तरांचं बटण बंद करा, नाहीतर लोक दोन्ही रंगांना हो म्हणतात. कुणी काय मत दिलं ते सगळ्यांना दिसतं हेही लक्षात असू द्या. चेअरमन साहेबांनी बदामी निवडला की पुढचे सात बदामी आपोआप येतात.

पैशाचा आणि हक्काचा निर्णय मात्र पोलवर घेऊ नका. लिफ्ट बदलायची, पुनर्विकासाला जायचं, पार्किंगचं वाटप, हे सगळं सर्वसाधारण सभेत, इतिवृत्तात. वार्षिक सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते आणि तिची नोटीस 14 पूर्ण दिवस आधी रीतसर द्यायची असते. ग्रुपवर टाकलं ते वरचं. "ग्रुपवर 26 जणांनी हो म्हटलं होतं" हे उद्या सहकारी संस्थांच्या निबंधकांसमोर टिकत नाही.

एपीके आली तर

हा भाग कोरडा आहे पण छापून फळ्याशेजारी लावावा असा. एपीके म्हणजे अँड्रॉइड फोनवर अ‍ॅप बसवणारी फाइल. लग्नाची पत्रिका, वाहतुकीचं चलान, बँकेची केवायसी अशा नावाची, शेवटी एपीके लिहिलेली फाइल ग्रुपवर पडली तर ती उघडायची नाही, कुणीही पाठवली असली तरी. पाठवणाऱ्याचा फोन आधीच दुसऱ्याच्या ताब्यात गेलेला असतो आणि त्याला ते माहीतही नसतं.

अ‍ॅडमिनने क्रमाने करायचं असं. मेसेज उडवा. त्या नंबरला दोन्ही ग्रुपांतून तात्पुरतं काढा. त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर न विचारता साधा फोन करा, नाहीतर वॉचमनला दार वाजवायला पाठवा. त्याच्या फोनचं इंटरनेट बंद करायला लावा आणि ते अ‍ॅप काढायला लावा. कॉल दुसरीकडे वळवलेले असू शकतात, म्हणून ##002# डायल करायला सांगा, त्याने सगळं फॉरवर्डिंग निघतं. मग दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला फोन. पैसे गेले असतील तर 1930 या राष्ट्रीय हेल्पलाइनला लगेच, जितकं लवकर तितकी रक्कम अडवली जायची शक्यता जास्त. शेवटी ग्रुपवर सगळ्यांना कळवा, नाव न घेता.

हे होण्याआधी प्रत्येकाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन लावून टाका. अकाउंटच्या पानावर मिळतं. आम्ही हे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला केलं. बायका आलेल्या होत्या, फोन हातात होते, वाण देता देता एकेकीचा पिन लावून झाला. लिंक केलेली उपकरणंही तिथेच बघितली. एकीच्या खात्यावर जुन्या ऑफिसचा कॉम्प्युटर अजून जोडलेला निघाला. सत्यनारायणाला पुरुषमंडळींचं उरकलं.

पद सोडताना

ग्रुप ज्याने काढला त्याला, तो स्वतः जाईपर्यंत, बाकीचे अ‍ॅडमिन काढू शकत नाहीत. त्यामुळे सूचनांचा ग्रुप स्वतःच्या नंबरावरून काढू नका. कमिटीत ठराव करून सोसायटीसाठी वेगळं सिम घ्या, त्यावर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस टाका, आणि ग्रुप त्या नंबरावरून काढा. नवा सेक्रेटरी आला की रजिस्टर, शिक्का, किल्ली यांच्या यादीत सिम आणि त्याचा सहा आकडी पिन हे दोन कलम वाढवायचे. जाण्याआधी सूचनांच्या ग्रुपचं चॅट एक्सपोर्ट करून सोसायटीच्या ईमेलवर पाठवा. आपण कधी काय कळवलं होतं याचा तो एकमेव पुरावा असतो, म्हणून त्या ग्रुपात मेसेज आपोआप नाहीसे होण्याची सोय कधीही चालू करू नका. व्हॉट्सअ‍ॅप 120 दिवस वापरलं नाही तर खातं जातं, तेव्हा ते सिम एखाद्या जुन्या फोनमध्ये घालून चालू ठेवा. फोन बहुतेक खजिनदारांच्या घरी निघतो. रिचार्जची पावती किरकोळ खर्चाच्या व्हाउचरला लावा आणि मागे पेनाने "सूचना ग्रुप" लिहा, ऑडिटर विचारतात.